रक्त पातळ करायचं इंजेक्शन घरी चालू आहे? कशाला घाबरायचं आणि कशाला नाही

मी नागपुरात घरोघरी जाऊन इंजेक्शन, ड्रेसिंग करणारी सिस्टर. धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलातून डिस्चार्ज घेऊन लोक घरी येतात, हातात फाइल, गोळ्यांची पिशवी आणि पोटावर घ्यायच्या इंजेक्शनचा बॉक्स, आणि मग घर महालात असो की मनीषनगरात, प्रश्न सगळीकडे तेच. "सिस्टर, पोट पूर्ण निळं होऊन राहिलं, बंद करू का?" हा पहिला प्रश्न. आणि ज्या गोष्टीसाठी खरंच फोन करायला पाहिजे त्यासाठी कोणी फोन करत नाही. काळी संडास होऊन राहिली, तं म्हणतात परवा झणझणीत सावजी खाल्लं होतं न. म्हणून हे सगळं एकदा लिहून टाकते, घरातल्या ज्या माणसाकडे औषधाची जबाबदारी आहे त्याने वाचावं.

मी मुख्यतः एनोक्सापॅरिनबद्दल लिहून राहिले, क्लेक्सेन वगैरे नावांनी मिळतं ते, भरलेली काचेची बारीक सिरिंज येते. गुडघा किंवा खुबा बदलल्यावर, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाल्यावर, काही बायांना गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हे देतात. रक्त पातळ करायचं म्हणतो आपण, पण ते पाण्यासारखं काही पातळ होत नाही, रक्त गोठायची जी साखळी असते तिच्यातली एक कडी हे औषध रोखून धरतं, म्हणून नको तिथे गाठ होत नाही. आणि म्हणूनच जिथे गोठायला पाहिजे तिथेही जरा उशीर लागतो. साइड इफेक्ट बहुतेक इथूनच निघतात, सगळे नाही, काही वेगळे आहेत ते पुढे सांगते.

आधी डोस बघून घ्या. गाठ होऊ नये म्हणून दिलं असेल तं साधारण दिवसाला एकदा ४० मिलिग्रॅम असतं. गाठ झालेली आहे आणि तिच्यावर इलाज चालू आहे तं वजनाप्रमाणे असतं, बऱ्याचदा किलोमागे १ मिलिग्रॅम आणि दिवसातून दोनदा. म्हणजे ७० किलोच्या काकाजींना ७० चं इंजेक्शन दोन वेळा, आणि शेजारच्या मावशींना ४० चं एकदा. दोघांचा धोका सारखा नाही, त्यामुळे "आमच्या मावशींना तं काहीच झालं नव्हतं" हा हिशोब इथे चालत नाही.

आता तो निळा डाग. पोटावर सुई टोचली की कातडीखालची बारीकशी रक्तवाहिनी दुखावते, थोडं रक्त तिथेच पसरतं आणि औषधामुळे ते लवकर थांबत नाही. रुपयाच्या नाण्याएवढा, कधी त्याहून मोठा, निळा मग हिरवट मग पिवळा. वाटाण्याएवढं टेंगूळ लागतं हाताला, थोडी खाज येते, जळजळ होते. हे पुष्कळ जणांना होतं आणि यासाठी इंजेक्शन बंद करायचं नाही, कारण बंद केलं तं पायात गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते आणि ते त्या डागापेक्षा फारच महाग पडतं. डाग कमी व्हावे म्हणून काय करता येतं ते सांगते.

इंजेक्शन बेंबीपासून कमीत कमी दोन इंच दूर, बाजूला, कमरेच्या अंगाला द्यायचं. आज डावीकडे तं उद्या उजवीकडे. कॅलेंडरवर रोजच्या खान्यात डा, उ असं लिहून ठेवा, नाही तं तिसऱ्या दिवशी घरात भांडण होतं की काल कुठे दिलं होतं. जिथे आधीचा डाग, ऑपरेशनची खूण किंवा टाके आहेत तिथे नाही. पेशंट झोपलेला किंवा आरामात टेकून बसलेला असावा. स्पिरिटच्या कापसाने पुसल्यावर ते वाळू द्या, ओल्यावरच टोचलं की जास्त झोंबतं. दोन बोटांनी कातडीची घडी धरायची, सुई सरळ उभी आणि पूर्ण आत, औषध हळूहळू ढकलायचं, सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडायची नाही. आणि सिरिंजमधला तो हवेचा बुडबुडा दिसतो न, तो पूर्ण डोस द्यायचा असेल तं काढायचा नाही. लोक सिनेमात पाहिल्यासारखं सुई वर करून टिचकी मारतात आणि बुडबुड्यासोबत औषधही उडवतात. डॉक्टरने सिरिंजमधलं अर्धंमुर्धं द्यायला सांगितलं असेल तं गोष्ट वेगळी, ते मोजून कसं काढायचं हे सिस्टरकडून डोळ्यांनी बघून घ्या, वाचून शिकायची गोष्ट नाही ती.

आणि नंतर चोळायचं नाही. हे दहा वेळा सांगावं लागतं. सासूबाईंची माया असते, सुनेच्या पोटावर खोबरेल तेल लावून मस्त रगडून देतात आणि दुसऱ्या दिवशी वांग्याच्या रंगाचं पोट. कापूस ठेवून हलका दाब द्या दोन-तीन मिनिटं, बस. बाम नाही, गरम शेक नाही. घट्ट नाडीचा परकर किंवा बेल्ट बरोबर त्याच जागेवर येत असेल तं जरा वर-खाली करा.

डाग कधी दाखवायचा? मोठा होत चालला असेल तं. ओळखायची सोपी रीत आहे, बॉलपेनने डागाच्या कडेने रेघ मारून ठेवा आणि चार-पाच तासांनी बघा, रेघेच्या बाहेर गेला, कडक झाला, फार दुखतो, गरम लागतो, किंवा मधली कातडी काळी पडून फोड येऊन राहिले, तं त्याच दिवशी डॉक्टर. वयस्क माणसांमध्ये अजून एक प्रकार होतो, जोरात खोकला आला आणि एकदम पोटाच्या एका बाजूला कळ निघाली, हात लावला तं कडक गोळा. पोटाच्या स्नायूत रक्त जमलेलं असू शकतं. गॅस समजून ओवा खाऊ घालत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

आता खरं रक्त जाणं. इथे आपल्या नागपूरच्या सवयी आड येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उन्हाळ्यात इथे घोळणा फुटतोच, पोरंसोरं, मोठे, सगळ्यांचा, आणि आपण कांदा हुंगवून विषय संपवतो. इंजेक्शन चालू असलेल्या माणसाचा फुटला तं आधी बसवा, मान मागे नाही, थोडी पुढे झुकलेली, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा आणि घड्याळ लावून १०-१५ मिनिटं सोडू नका. दर मिनिटाला सोडून "थांबलं का" बघायचं नाही, तेच सगळे करतात. एवढं करूनही थांबलं नाही, किंवा थांबून परत-परत फुटून राहिलं, तं निघा हॉस्पिटलला.

हिरड्यातून रक्त: ब्रश करताना थोडं आलं तं मऊ ब्रश घ्या, डॉक्टरच्या पुढच्या भेटीत सांगा. आपोआप येत असेल, सकाळी उशी लाल दिसत असेल, तं थांबायचं नाही. खर्रा (सुपारी-तंबाखू) खाणाऱ्या भाऊंना विशेष सांगते, तुमची थुंकी तशीच लालसर-तपकिरी, त्यात रक्त आहे की सुपारी हे कोणाला कळणार? निदान इंजेक्शन चालू आहे तोवर खर्रा बाजूला ठेवा. नंतरही ठेवला तं मला वाईट वाटणार नाही.

लघवी लाल, गुलाबी किंवा चहासारखी झाली तं सांगायचं. आदल्या दिवशी बीट खाल्लं असेल तं तेवढं आठवून बघा, पण बीट खाल्लेलं नसताना बीटावर ढकलू नका. बायांना पाळी नेहमीपेक्षा फार जास्त आली, तासा-तासाला पॅड बदलावं लागून राहिलं, तं तेही सांगायचंच, लाजायचं काय त्यात.

संडास. ऑपरेशननंतर पुष्कळ जणांना आयर्नच्या गोळ्या असतात आणि त्याने संडास काळपट-हिरवट होते, घट्टच असते, वास नेहमीचाच. रक्ताची संडास डांबरासारखी काळी, चिकट, चमकदार, पाणी टाकलं तरी भांड्याला चिकटून राहते आणि वास असा की घरात कळतो. सावजीने जळजळ होईल, धावपळ होईल, डांबर होत नाही. फरक कळत नसेल तर अंदाज करत बसू नका, मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरला दाखवा, घाण वाटली तरी. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं तं फोटोही नको, सरळ हॉस्पिटल.

सगळ्यात फसवं म्हणजे आतल्या आत होणारा रक्तस्राव. बाहेर काहीच दिसत नाही. माणूस पांढरा पडतो, घाम सुटतो, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी, नाडी जोरात, कंबर किंवा पोट दुखतं. मे महिन्यात ४५ डिग्रीत हे झालं की सगळं घर म्हणतं ऊन लागलं, आणि पन्ह्याचा ग्लास समोर येतो. ऊन लागलेलं असेलही, पण हे इंजेक्शन चालू असताना ते घरात बसून ठरवायचं नाही.

डोक्याला मार लागला तं, बाथरूममध्ये घसरले, गाडीवरून पडले, जखम दिसत नाही, माणूस नीट बोलून राहिला, तरी दवाखान्यात जायचं आणि इंजेक्शन चालू आहे हे सांगायचं. डोक्यात रक्त कधीकधी काही तासांनी जमतं. नंतर डोकं भयंकर दुखणं, उलट्या, बोलणं अडखळणं, एक हात-पाय ढिला पडणं, फार झोप येणं, यातलं काही दिसलं तं एक मिनिट घालवू नका.

ज्यांचं ऑपरेशन पाठीत सुई देऊन झालं, म्हणजे स्पायनल किंवा एपिड्युरल, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. त्या जागेवर मणक्यात रक्त साचलं तं मज्जारज्जूवर दाब येतो. क्वचितच होतं पण झालं तं तासांचा खेळ आहे. पाठीत नवीन दुखणं, पाय सुन्न, पायात ताकद नाही, लघवी होत नाही किंवा कळतच नाही, हे ऑपरेशनमुळेच असेल म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, रात्री २ वाजता झालं तं २ वाजताच निघा.

आता प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी. हा साइड इफेक्ट लोकांना माहीतच नसतो. एनोक्सापॅरिन हे हेपरिन नावाच्या औषधाच्या घराण्यातलं, आणि काही थोड्या पेशंटमध्ये या घराण्यातल्या औषधांनी शरीर उलटं वागतं, प्लेटलेट कमी होतात, पण रक्त वाहण्याऐवजी नवीन गाठी व्हायला लागतात. साध्या हेपरिनमध्ये जास्त दिसतं, एनोक्सापॅरिनमध्ये कमी, पण असतं. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, कधी थोडं पुढेही. मागच्या तीनेक महिन्यांत हेपरिनचं काही घेतलेलं असेल तं पहिल्या-दुसऱ्या दिवशीच होऊ शकतं, म्हणून जुनी फाइल फेकू नका, डॉक्टरला दाखवा. इंजेक्शन सुरू करण्याआधीचा सीबीसी (रक्तपेशी मोजायची टेस्ट) रिपोर्ट जपून ठेवा, नंतरचा त्याच्याशी ताडून बघतात. प्लेटलेट नॉर्मल दीड लाख ते साडेचार लाख असतात, पण नुसता आकडा नाही, उतार बघायचा. आधी ३ लाख होते आणि आता १ लाख ४० हजार, म्हणजे निम्म्याहून खाली, तं लगेच डॉक्टरला दाखवायचं, पुढचं इंजेक्शन त्यांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. सोबत पायाला नवीन सूज, पोटरी दुखणं, श्वास लागणं, छातीत दुखणं असेल तं फोन करत बसू नका, इमर्जन्सीलाच जा.

आणि इथे डेंगूची सवय आडवी येते. नागपुरात पावसाळ्यात प्लेटलेट कमी म्हटलं की पपईच्या पानांचा रस आणि किवी, दुसरं काही सुचतच नाही. बाप्पा, हा डेंगू नाही, इथे औषध बदलावं लागतं आणि ते डॉक्टरच करतात. बरं, उलटही होतं, इंजेक्शन चालू असताना खरंच डेंगू झाला तं? डेंगूनेही प्लेटलेट पडतात आणि वरून हे औषध. म्हणून पावसाळ्यात ताप आला तं पहिल्याच दिवशी सांगायचं, तीन दिवस वाट नाही.

किडनीचा त्रास असेल तं हे औषध शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो, साचत जातं, रक्तस्रावाचा धोका वाढतो. किडनी फारच कमजोर असली तं डॉक्टर डोस कमी करतात किंवा दुसरं औषध देतात. क्रिएटिनीनचा जुना रिपोर्ट दाखवा, "थोडं वाढलेलं असतं बाबांचं" एवढ्याने काम होत नाही. याच लोकांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये पोटॅशियम वाढायची शक्यता असते, काही बीपीच्या गोळ्यांनीही वाढतं, आणि वरून घरचे ऑपरेशनचा पेशंट म्हणून रोज दोन-दोन नारळपाणी पाजून राहिले, त्यात पोटॅशियम भरपूर. फार अशक्त वाटणं, छातीत धडधड अनियमित होणं, हे सांगायचं. किडनी ठीक असेल तं नारळपाणी प्या बिनधास्त.

बाकीचे पटकन सांगते. लिव्हरच्या टेस्टमधले एसजीओटी, एसजीपीटी थोडे वाढू शकतात, बहुतेक वेळा औषध थांबलं की उतरतात. महिनोन्‌महिने चाललं तं हाडं ठिसूळ व्हायची शक्यता, गरोदरपणात लांब कोर्स असलेल्यांनी कॅल्शियमबद्दल विचारून घ्यावं. क्वचित केस गळतात. अंगावर गांधी उठल्या, तोंड-ओठ सुजले, श्वास अडकला तं ॲलर्जी, तो इमर्जन्सीचाच मामला. हे औषध डुकराच्या आतड्यापासून बनतं, ज्यांना धर्मामुळे किंवा ॲलर्जीमुळे अडचण असेल त्यांनी सुरू करण्याआधीच बोलावं, मधेच कळलं म्हणून स्वतःहून बंद करू नये.

गोळ्यांचं मात्र पटकन नाही, नीट वाचा. अंग दुखलं की आपल्याकडे कॉम्बिफ्लॅम, व्होवेरान, मेडिकलवाल्याने दिलेली "एक लाल एक पांढरी". आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या पेनकिलर या इंजेक्शनसोबत घेतल्या की पोटातून रक्त जायचा धोका वाढतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल साधारण चालतं, डॉक्टरने सांगितलेल्या डोसमध्ये. हार्टवाल्यांची इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल तं ती मनाने बंदही करू नका आणि लपवूही नका, दोन्ही सोबत ठेवायची की नाही हे हार्टचा डॉक्टर आणि ऑपरेशनचा डॉक्टर मिळून ठरवतात, तुमचं काम दोघांनाही सांगणं. आयुर्वेदिक काढे, लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, हेही सांगायचं. कोणत्याही कंपाउंडरकडून कमरेत "ताकदीचं इंजेक्शन" टोचून घ्यायचं नाही, स्नायूत रक्त साचतं. दात काढायचा असेल तं डेंटिस्टला आधी सांगा.

भाजीचा प्रश्न रोज येतो: पालक-मेथी बंद करू का? नाही. ते पथ्य वॉरफॅरिन, ॲसिट्रोम असल्या गोळ्यांचं आहे, हिरव्या भाजीतल्या व्हिटॅमिन के मुळे. या इंजेक्शनला भाजीशी घेणंदेणं नाही. इंजेक्शनवरून असल्या गोळीवर आणलं की मग भाजीचं आणि आयएनआर टेस्टचं (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी) विचारा. नुसतं इंजेक्शन असताना शेजारी करतात म्हणून आयएनआर करत बसू नका, यात त्याने काही कळत नाही.

गरोदर बायांनी बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तं पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही, आधी हॉस्पिटलला फोन. एपिड्युरल द्यायचं असेल तं कमी डोसनंतर १२ तास आणि जास्त डोसनंतर २४ तास अंतर ठेवतात, म्हणून शेवटचं कधी घेतलं ते घरच्यांना पाठ पाहिजे. आपल्या विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) पुष्कळ आहे, त्यात गाठीचा धोका तसाच जास्त आणि किडनीही कधी कधी कमजोर, तं ते फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा.

डोस चुकला तं? आठवलं तेव्हा घ्या, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तं चुकलेला सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. चुकून दोन दिले गेले तं घरात एकमेकांवर ओरडण्याआधी डॉक्टरला फोन.

ठेवायचं कुठे, हा खास नागपूरचा प्रश्न. बॉक्सवर बहुतेक २५ डिग्रीच्या खाली लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलर लावूनही खोली त्याच्या वर. फ्रीझरमध्ये कधीच नाही, बर्फाला चिकटवून नाही, गोठलेलं इंजेक्शन वापरायचं नाही. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चालेल का हे त्या कंपनीच्या बॉक्सवर बघा आणि मेडिकलवाल्याला विचारा. मी म्हणेन महिन्याचा साठा एकदम आणू नका, चार-पाच दिवसांचं आणा, ते घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, खिडकीपासून दूर. आणि ॲक्टिव्हाच्या डिक्कीत ठेवून बर्डीवर खरेदी करत फिरू नका, डिक्की भट्टी होते. औषधात रंग बदललेला, कण किंवा गढूळपणा दिसला तं ते द्यायचं नाही.

एक कागद फ्रिजवर चिकटवा. त्यावर औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा, शेवटचं किती वाजता, किडनी-लिव्हर-सिकलसेल काही असेल तं ते, बाकीच्या गोळ्या, आणि डॉक्टरचा नंबर. रात्री-बेरात्री १०८ ला फोन करून मेडिकल, मेयो, एम्स किंवा जवळच्या कोणत्याही हॉस्पिटलला पोहोचलात की पहिला प्रश्न हाच येणार. शेवटच्या इंजेक्शनची वेळ खूप महत्त्वाची, कारण प्रोटामिन नावाचं उताऱ्याचं औषध असतं, ते याचा परिणाम पूर्ण नाही पण बराचसा उतरवतं, आणि किती द्यायचं हे त्या वेळेवरून ठरतं.

वापरलेली सिरिंज टोपण लावत बसू नका, तिथेच बोटात टोचते. जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा ठेवा, त्यात टाका, भरला की झाकण घट्ट करून हॉस्पिटलला किंवा तुमच्या सिस्टरला द्या. सकाळच्या कचरागाडीत सुटी सुई टाकली की ती त्या गाडीवरच्या माणसाच्या हातात जाते.

कोर्स संपल्यावर दोन-चार सिरिंज उरतात कधी कधी, महाग असतात म्हणून जपून ठेवतात आणि पुढच्या महिन्यात समोरच्या काकूंचा पाय सुजला की प्रेमाने देऊन टाकतात. देऊ नका. काकूंची किडनी कशी आहे, वजन किती, त्या इकोस्प्रिन घेतात का, तुम्हाला माहीत नाही, आणि सूज कशाची आहे हे तं काकूंनाही माहीत नाही.